चौथा सिलिंडर, जाड ऑइल आणि घरासमोरचा चढ

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. मृग बहाराचा संत्रा नागपूरच्या कळमना मार्केटला यायला लागला की आमच्या गॅरेजात पिकअपची गर्दी वाढते, कारण सीझनमध्ये गाडी एक दिवस उभी राहिली तरी मालकाचं गणित कोलमडतं. अशाच एका दुपारी काटोलकडचे एक काका गाडी घेऊन आले. छोटा पिकअप, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि कंपनीतूनच बसून आलेला सीएनजी. मीटरवर १,१२,००० किलोमीटर.

"भाऊ, गाडी झटके मारून राहिली," ते म्हणाले. "पण रोज नाही. आज मारते, उद्या नाही. सीएनजीवर मारते, पेट्रोलवर टाकली का गप होते. अन् ऑइल पिऊन राहिली ते वेगळंच."

या "ते वेगळंच"मुळेच गाडीचं दुखणं आठ महिने लांबलं होतं. मिसिंगची, म्हणजे झटक्यांची, तक्रार एकाकडे गेली, ऑइलची दुसऱ्याकडे. पहिल्या गॅरेजने प्लग बदलले. गाडी दहा दिवस चांगली चालली आणि पुन्हा झटके सुरू झाले. पेट्रोलवर टाकलं की मिसिंग जाते म्हटल्यावर काका सीएनजीवाल्याकडे गेले. त्याने गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर खोलून साफ केला, गॅस फिल्टर बदलला, ट्यूनिंग केलं आणि जाता जाता नवे प्लगही टाकले. पुन्हा दहा-बारा दिवस आराम. तिसऱ्याने चौथ्या सिलिंडरचा प्लग आणि त्या प्लगला वीज देणारी कॉइल बदलली, ऑइल कमी होतं म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरलं आणि सांगितलं की आता हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उतरवून पिस्टनच्या रिंगा बदलणं, करावं लागेल, ३८,००० रुपये धरून चाला. तोवर काकांचे १४,००० गेले होते.

या तिघांना मी दोष देत नाही. प्रत्येकाने गाडी चालू करूनच परत दिली होती. पण तिघांच्याही कामात नवा प्लग होता आणि गाडी खरी त्या प्लगवर सुधारत होती. सीएनजीवाल्याला वाटलं रिड्यूसर लागू पडला, तिसऱ्याला वाटलं कॉइल लागू पडली. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की कोणत्या गोष्टीने फरक पडला हे कुणालाच कळत नाही. म्हणून मी काकांना आधीच सांगितलं, "काका, मी एका वेळी एकच गोष्ट बदलणार. दोन-तीन चकरा होतील." सीझनच्या दिवसांत हे मागणं जड होतं, पण ते हो म्हणाले.

पहिली चक्कर

स्कॅनर लावला तर दोन कोड निघाले. पी०३०० म्हणजे कुठल्या तरी सिलिंडरांत अधूनमधून मिसफायर, म्हणजे इंधन न पेटणं, आणि पी०३०४ म्हणजे चौथ्या सिलिंडरचा मिसफायर. कोड हा गाडीने केलेला आरोप असतो, पुरावा नसतो. त्या वेळी गाडी एकदम गोड चालत होती, त्यामुळे कोड पुसले आणि गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं. पेट्रोलवर सुरू झाली, थोडी गरम होऊन सीएनजीवर गेली आणि थोडी थरथरली. लाइव्ह डेटात चौथ्या सिलिंडरची मिसफायर मोजणी चढत गेली. दहा मिनिटांत चौथा ४०च्या पुढे, बाकीचे तिघे शून्य ते तीन. दोष एकाच सिलिंडरचा होता हे पक्कं झालं.

मग अदलाबदल. चौथ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची चौथ्यावर. मोजणी चौथ्यावरच राहिली. म्हणजे कॉइल निर्दोष, आधीची बदललेलीसुद्धा बहुतेक निर्दोषच असणार. कॉइल जागेवर ठेवून प्लगची तशीच अदलाबदल केली, तर मिसफायर प्लगसोबत पहिल्या सिलिंडरमध्ये गेला. चौथ्याचा तो प्लग हातात घेतला तेव्हा पुढचं अर्धं काम झालं. बाकी तिघांची टोकं कोरडी, फिकट तपकिरी. याचा पांढरा चिनी मातीचा भाग काळा, ओला आणि चिकट, कडेला राखेचे खडे. बोटावर घासला तर बोट तेलाने चमकायला लागलं.

मिसिंग फक्त सीएनजीवर का, ते इथे कळतं. सीएनजी आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लगच्या पांढऱ्या भागावर तेल आणि कार्बनचा थर बसला की विजेला दुसरी वाट मिळते, ती फटीतून उडी मारण्याऐवजी त्या थरावरून सरळ अर्थला जाते. पेट्रोलला कमी जोर लागतो म्हणून ठिणगी कशीबशी पडते, सीएनजीला पडत नाही. त्यामुळे सीएनजीचं किट बिघडल्याचा पक्का भास होतो. आणि हायवेवर तासाभराने झटके थांबायचे, ते का? प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. काटोलहून निघालेली गाडी नागपूरजवळच्या फेटरीपर्यंत येईतो प्लग स्वतःला साफ करून घेत होता, आणि कोणत्याही गॅरेजात पोचेपर्यंत ती बरी झालेली असायची.

म्हणजे दोन तक्रारी नव्हत्याच. गाडी जे ऑइल खात होती, तेच चौथ्या प्लगला बुडवत होतं.

मी चौथ्यात फक्त एक नवा प्लग टाकला. ऑइल सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरलं, ऑइलच्या झाकणावर आणि ड्रेन बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली आणि काकांना सांगितलं की मधे काहीही टाकायचं नाही, खालच्या खुणेला टेकलं तर फोन करायचा.

काकांची डायरी

नऊ दिवसांनी ते परत आले. झटके पुन्हा सुरू. ७४० किलोमीटर झाले होते आणि वरच्या खुणेपर्यंत आणायला मापाच्या भांड्याने ८३० मिलिलिटर ऑइल लागलं. म्हणजे ९०० किलोमीटरला एक लिटरच्या आसपास. खाली कुठेही गळती नाही, रेघा जागच्या जागी. ऑइल जळतच होतं.

मी ऑइल ओतत असताना काका खिशातल्या डायरीत लिहीत होते. छोटी, रबर बँड लावलेली, कडा संत्र्याच्या रसाने पिवळ्या पडलेल्या. पाहायला मागितली. रोजचं भाडं, गॅस, पेट्रोल, हमाली, ऑइलचा डबा, आणि शेवटी मुक्काम: "मु. घरी" किंवा "मु. कळमना". पहाटेच्या लिलावासाठी आदल्या रात्री माल आणला तर ते मार्केटातच गाडीत झोपायचे. ज्या दिवशी गाडीने त्रास दिला, त्या दिवशी कोपऱ्यात "झटके" असं लिहिलेलं.

मी आधी ऑइलचे डबे मोजायला बसलो होतो, पण डोळा मुक्कामावर अडकला. "झटके" लिहिलेले १७ दिवस सापडले. त्यांपैकी १५ दिवसांच्या आदल्या रात्री "मु. घरी" होतं.

"काका, घरी गाडी कुठे लावता?"

"दारातच. चढ आहे ना आमच्याकडे. तोंड घराकडे, वर करून. मागचा फाळका रस्त्याकडे आला का माल भरायला सोपं जाते."

या गाडीचं इंजिन सीटखाली, लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे. पहिला सिलिंडर पुढे, चौथा सगळ्यात मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. गाडी तोंड वर करून उभी राहिली की हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्हच्या भागात, उरलेलं ऑइल मागे सरकतं आणि चौथ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हभोवती तळं करतं. कळमन्याच्या सपाट आवारात तसं होत नाही. गाडी "एक दिवस मारते, एक दिवस नाही" याचं कारण मला पहिल्यांदाच हाताशी लागल्यासारखं वाटलं. अर्थात तो अजून अंदाज होता. १७पैकी दोन दिवस बसत नव्हते, आणि घरून निघणं म्हणजे लांबचा थंड प्रवासही असतो.

डायरीत आणखी एक गोष्ट मिळाली. "ऑइल १ डबा" ही पहिली नोंद जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली. त्याआधी सर्व्हिसशिवाय ऑइलची एकही नोंद नाही. मे महिन्यात काही झालं होतं का विचारल्यावर काकांना आठवलं. रिंग रोडवर रेडिएटरचा फॅन बंद पडला, गाडी उकळली, आणि सावलीच नव्हती म्हणून त्यांनी ती तशीच चार किलोमीटर ओढली. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, त्यात उकळलेल्या इंजिनाच्या हेडमध्ये काय झालं असेल याची कल्पना मेकॅनिकला सांगावी लागत नाही.

ऑइलला चार वाटा

सिलिंडरमध्ये ऑइल चार वाटांनी येऊ शकतं. ब्रीदरमधून म्हणजे इंजिनातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, फुटलेल्या हेड गॅस्केटमधून, खालून पिस्टनच्या रिंगांतून, किंवा वरून व्हॉल्व्ह सीलमधून म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी टोपणातून. ३८,००० चा खर्च तिसऱ्या वाटेवर विश्वास ठेवून सांगितलेला होता.

पीसीव्ही लवकर सुटला. हलवल्यावर आतली गोळी खडखडत होती, आणि डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप लावून रंगीत पाण्याची पातळी पाहिली तर आयडलवर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, हलका व्हॅक्यूम होता, जसा असायला हवा तसा. शिवाय पीसीव्हीचं ऑइल इनटेक मॅनिफोल्डमधून चारही सिलिंडरना कमी-जास्त वाटलं गेलं असतं, एकट्या चौथ्याला नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे आले १७८, १७६, १७४ आणि चौथ्याचा १८६ पीएसआय. आजारी सिलिंडरचा आकडा सगळ्यात चांगला! इथे बरेच जण फसतात. सिलिंडरमध्ये तेल साचलेलं असलं की ते रिंगांभोवती पॅकिंगसारखं बसतं, पिस्टनवर जमलेला कार्बन जागा व्यापतो, आणि कॉम्प्रेशन उलट वाढतं. खात्रीसाठी प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. बाकी तिघं आठ-दहा पीएसआयने चढली, चौथा जागचा हलला नाही. तो आधीच तेल पिऊन बसला होता.

लीकडाउनमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजायच्या चाचणीत, चौथ्यातून ९ टक्के हवा जात होती, बाकीच्यांतून ८ ते ११. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून हवेचा आवाज नाही. हेड गॅस्केटही बाजूला पडलं.

पण कॉम्प्रेशन चांगलं म्हणून रिंगा निर्दोष, असं म्हणता येत नाही. या दोन्ही चाचण्या वरच्या दोन कॉम्प्रेशन रिंगांची आणि व्हॉल्व्हची परीक्षा घेतात. तिसरी, ऑइल रिंग, कार्बनने खाचेत घट्ट चिकटलेली असली तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकतं आणि गाडी भरपूर ऑइल पिऊ शकते. त्यामुळे माझ्याकडे अजून दोन संशयित होते: चौथ्याची ऑइल रिंग आणि चौथ्याचे व्हॉल्व्ह सील. एकात इंजिन खाली उतरवायचं, दुसऱ्यात फक्त टॅपेट कव्हर उघडायचं. इथे घाई केली असती तर मीही चौथा मेकॅनिक झालो असतो.

धूर थोडा सांगत होता. चढावर जोर दिला तर धूर नाही. सकाळी सुरू करताना निळा भपकारा. कळमन्याच्या गेटवर वजनकाट्याच्या रांगेत गाडी अर्धा तास आयडलवर उभी राहून निघाली की पुन्हा एक भपकारा, असं काकांनी सांगितलं. आयडलवर इनटेकमध्ये व्हॅक्यूम जास्त असतो, आणि तो व्हॅक्यूम सैल सीलमधून ऑइल खेचतो. रिंगांचा धूर सहसा जोर देताना दिसतो. पण धुरावर मी निकाल देत नाही, फक्त दिशा घेतो.

दोन रात्री

आमच्याकडे गाड्या धुवायचा सिमेंटचा रॅम्प आहे. मी काकांना दोन रात्री गाडी मागितली. त्यांनी साळ्याची गाडी लावून माल काढला.

पहिल्या संध्याकाळी गाडी चांगली गरम करून रॅम्पवर तोंड वर करून लावली. चौथ्याचा प्लग काढून पिस्टनचा माथा साफ केला, बोअरस्कोप म्हणजे वायरीच्या टोकाचा बारीक कॅमेरा आत घालून फोटो घेतला. इंजिन हाताने फिरवून चौथ्याचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा ठेवला. व्हॉल्व्ह बंद राहिला तर ऑइल त्याच्या पाठीवर साचून राहतं, सिलिंडरमध्ये दिसत नाही, आणि चाचणी खोटी ठरते. प्लग परत लावला आणि गॅरेज बंद केलं.

सकाळी सात वाजता गाडी सुरू न करताच पुन्हा कॅमेरा घातला. इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइलचा ओघळ आला होता, व्हॉल्व्हच्या कडेला एक थेंब लोंबत होता, आणि त्याच्या बरोबर खाली पिस्टनवर ओला चमकता डाग. पिस्टनची कड मात्र कोरडी होती. रिंगांतून येणारं ऑइल कडेकडून येतं आणि कडेचा कार्बन धुऊन काढतं. हे वरून पडलं होतं. रिंगेतून ऑइल रात्रभर उभ्या इंजिनात वर चढत नाही.

दुसरी रात्र सगळं तसंच, फक्त गाडी सपाट फरशीवर. सकाळी दांडा ओलसर होता, पण थेंब नाही आणि पिस्टनवर डाग नाही.

काकांना मी दोन्ही फोटो मोबाइलवर शेजारी-शेजारी दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माह्या दारातला चढ पाजून राहिला व्हता तिले."

काम

हेड उतरवायची गरज नव्हती. टॅपेट कव्हर उघडलं, टायमिंग चेनवर खुणा केल्या, कॅमशाफ्ट काढल्या. ज्या सिलिंडरचं काम, त्याचा पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा भरली, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह खाली पडत नाही. ऑइल परतीच्या भोकांत कापड कोंबलं, कारण व्हॉल्व्हचं एक बारीक लॉक त्यात पडलं तर ते संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जातं आणि अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांचं होतं.

चौथ्याचे दोन्ही इनटेक सील बाहेर आले. नवा सील चिमटीत दाबला की रबर दबतं आणि परत येतं. हे दोन्ही प्लास्टिकच्या टोपणासारखे कडक झाले होते, एक तर वाकवताच ओठाशी चिरला. बाकीचेही पूर्वीइतके मऊ नव्हते, पण चौथ्याएवढे वाईट कुणाचेच नव्हते. माझं मत असं की मे महिन्यात गाडी उकळली तेव्हा वॉटर पंपापासून सगळ्यात लांबचा हा सिलिंडर जास्त तापला आणि तिथलं रबर भाजलं. सगळे १६ सील बदलले. चौथ्याचे व्हॉल्व्ह थोडे खाली सोडून डायल गेजने गाइडमधला, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातला, खेळ मोजला. गाइड झिजलेली असती तर नवा सीलही वर्षभरात गेला असता आणि हेड मशीनवाल्याकडे न्यावं लागलं असतं. खेळ मर्यादेत होता, याचा मला काकांपेक्षा जास्त आनंद झाला.

टॅपेटचं अंतर तपासताना तिसऱ्याचा एक एक्झॉस्ट आवळलेला निघाला. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक हळूहळू आत बसते आणि अंतर कमी होतं, त्यामुळे कव्हर उघडलंच आहे तर हे पाहायलाच हवं. ते जुळवलं.

सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची धास्ती होती. आठ महिने न जळलेलं इंधन आणि ऑइलची राख त्यात गेली होती. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी गेज लावला तर २५०० आरपीएमला उलटा दाब १.५ पीएसआयच्या आत. वाचला.

जाड ऑइल काढून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं भरलं. २०डब्ल्यू-५० ने तक्रार थोडी कमी होईल असं तिसऱ्या मेकॅनिकला वाटलं होतं, पण थंडीच्या रात्री जाड ऑइल हेडवरून खाली उतरायला वेळ लावतं, म्हणजे चौथ्याच्या सीलभोवतीचं तळं जास्त वेळ टिकतं. डायरीतही जाड ऑइल भरल्यानंतरच्या महिन्यांत "झटके" वाढलेले दिसतात, जरी थंडीही त्याच वेळी वाढली होती.

सील, गॅस्केट, एक प्लग, ऑइल, फिल्टर आणि मजुरी धरून बिल ७,४०० झालं.

काकांना मी एकच गोष्ट करायला सांगितली: आठवडाभर रोज रात्री गाडी मुद्दाम घरासमोर तोंड वर करूनच लावायची. पहिल्या तीन सकाळी त्यांनी मला सायलेन्सरचा व्हिडिओ पाठवला. तिन्हींत थंडीची पांढरी वाफ आहे, निळा धूर नाही. एप्रिलच्या शेवटी, मृगाचा माल संपल्यावर ते आले तेव्हा ३,००० किलोमीटर झाले होते. सपाट जमिनीवर दहा मिनिटं थांबून डिपस्टिक पाहिली आणि मापाच्या भांड्याने ऑइल टाकलं. ३०० मिलिलिटर लागलं. चौथ्याचा प्लग काढून पाहिला: कोरडा, फिकट तपकिरी, बाकी तिघांसारखाच. काकांनी डायरीत त्या दिवशीची नोंद केली आणि डायरीला रबर बँड लावला. जाण्याआधी रेडिएटर फॅनची वायर आणि रिले मी पुन्हा एकदा तपासून दिली, कारण मे तोंडावर आला होता.